माळाबद्दल एक वाक्य

आमच्या हिंगणमाळात दंड घेत नाहीत. पूर्वी घ्यायचे. पण दंड भरला की माणसाला वाटतं, झालं, फिटलं. आणि दुसऱ्या दिवशी तो पुन्हा शेळ्या घेऊन माळावर हजर. काकासाहेब सरपंच झाले तेव्हा त्यांनी नवी रीत पाडली. ज्यानं माळाचा नियम मोडला, कुऱ्हाड चालवली, जनावर सोडलं, त्यानं ग्रामसभेत माईकपाशी यायचं, आपलं नाव सांगायचं आणि काय केलं ते आपल्या तोंडानं बोलायचं. शिक्षा एवढीच. त्याचं सांगून झालं की सरपंच विचारणार, "आणखी कोणी?" आणि कुणी उठलं नाही की पुढचा विषय.

ऐकायला सोपं वाटतं. गोरक्षला विचारा. त्याच्या शेळ्या बंदीतल्या गवतात घुसल्या तेव्हा तो माईकपाशी आला, नाव सांगितलं, आणि "त्या शेळ्या..." एवढ्यावरच त्याला असा घाम फुटला की खालून त्याची बायको ओरडली, "सांगा की! रेटून खाल्लंय म्हनावं!" सगळी सभा हसली. त्या दिवसापासून गोरक्षच्या शेळ्या दाव्याला आहेत. जे पैशानं होत नाही ते लाजेनं होतं, असं काकासाहेब पाहुण्यांना सांगतात. पाहुणे माना डोलवतात.

पाहुणे आम्हाला नवे नाहीत. हिवरे बाजार बघून झालं की काही गाड्या आमच्याकडंही वळतात. शिर्डीला निघालेली एखादी बससुद्धा कधी वाट वाकडी करून येते. त्यामुळं गावातल्या शेंबड्या पोरालाही उत्तरं पाठ आहेत. माळ तुमचा कोण? माळ आमची आई. झाड तोडाल का? स्वप्नातसुद्धा नाही. हे बोलताना चेहरा कसा ठेवायचा तेही आम्हाला जमतं. अगदी खोटं नसतं ते. पण बोलून बोलून इतकं गुळगुळीत झालंय की त्याच्यावर आता काही चिकटत नाही.

अशा गावात मनवाताई आल्या. पुण्याच्या एका संस्थेत त्या पाखरांचा अभ्यास करतात. माळावरच्या टिटव्या, चंडोल, लावे हे सगळं त्या मोजणारच होत्या, पण त्याच्या जोडीला त्यांना माणसंही मोजायची होती. म्हणजे माणसाचं माळाशी किती जवळचं नातं आहे ते. पारनेर तालुक्यातली काही गावं त्यांनी त्यासाठी निवडली होती. माणसाचं नातं घट्ट झालं की पाखरं वाढतात का, की या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंधच नसतो, हे त्यांना बघायचं होतं. दर घरातल्या एका मोठ्या माणसाला प्रश्न विचारायचे. प्रत्येक उत्तराला एक ते पाच गुण. माळावर गेलं की मन प्रसन्न होतं का? अजिबात नाही, तर एक. खूप होतं, तर पाच. आणि शेवटी माळाबद्दल एक वाक्य, ज्याचं त्यानं आपल्या मनातलं सांगायचं.

विचारत फिरायचं काम शुभांगीला मिळालं. शुभांगी साळवे, आमच्या बौद्धवस्तीतली, पारनेरच्या कॉलेजात बी.एस्सी. झालेली. आई गेल्यापासून घरात ती आणि तिचे आप्पा, दोघंच. आप्पा म्हणजे सोपाननाना. साखर कारखान्यात बॉयलरवर होते, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. रोजचा पेपर पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचणार आणि बोलणार मात्र मोजकं. एकदा 'न्हाई' म्हणाले की बैलजोडी लावली तरी ते 'न्हाई' जागचं हलत नाही, हे सगळ्या गावाला माहीत. मनवाताईंनी शुभांगीला शब्द दिला होता की काम नीट पार पडलं तर पुण्याच्या ऑफिसात कायमची जागा. पोरीचा हुरूप असा की दुपारच्या उन्हातसुद्धा ती दारोदार फिरायची.

गावानं तिच्या टॅबवर पाचाचा पाऊस पाडला. म्हातारा रामहरी तर प्रश्न पुरता होऊच देईना. "पाच लिव, फुडं चल," म्हणाला. वाक्य विचारलं की प्रत्येक घरातून तेच, माळ आमची आई. मनवाताई ते वाचून हसल्या. "शुभांगी, एवढ्या सगळ्यांची एकच आई?" पण हसता हसता त्यांच्या कपाळावर आठी पडली होती. पाखरं काही तेवढी नव्हती. जवळच्या दुसऱ्या एका गावात लोकांनी गुण बेताचेच दिले होते आणि टिटव्यांची घरटी मात्र आमच्याहून जास्त होती.

शेवटी शुभांगीचं स्वतःचं घर राहिलं. तिला वाटलं, हे तर घरचं काम, पाच मिनिटांत उरकेल. सोपाननाना ओट्यावर पेपर वाचत बसले होते. ती टॅब घेऊन समोर बसली.

"आप्पा, लहानपणी तुम्ही माळावर किती वेळ असायचात?"

"लई."

"म्हणजे रोज जायचात?"

"ढोर मेलं की."

तिचं बोट थांबलं. गावकीचं तिला ठाऊक नव्हतं असं नाही. मेलेलं जनावर ओढून गावाबाहेर न्यायचं काम एकेकाळी वस्तीच्या गळ्यात होतं. बौद्ध झाल्यावर वस्तीनं ते टाकून दिलं, आणि मग गावानं वस्तीचं दाणापाणी बंद केलं. जयंतीच्या भाषणात ती स्वतः हे बोलली होती, "आपल्या पूर्वजांनी" अशी सुरुवात करून. पण त्या पूर्वजांत ओट्यावर पेपर वाचणारे आप्पा धरायचे, हे तिच्या कधी मनातच आलं नव्हतं. बालपणी निसर्गात भरपूर वेळ घालवला, या प्रश्नाला तिनं पाच दाबले आणि घाईनं पुढं सरकली.

"माळावर गेलं की मन प्रसन्न होतं का?"

"न्हाई."

"थोडं तरी?"

"न्हाई म्हनलं ना."

"माळ आपला वाटतो का?"

"न्हाई."

पुढचं सगळं तसंच. एक, एक, एक. शेवटी तिनं जरा चिडूनच विचारलं, "बरं, माळाबद्दल एक वाक्य सांगा."

सोपाननानांनी पेपरची घडी घातली. "मी तिकडं जात न्हाई," ते म्हणाले. "लिव."

तिनं लिहिलं. आणि तिला आपल्या बापाची लाज वाटली. आडून सांगण्यात अर्थ नाही, वाटली. गाव एवढं शिकलं, सुधारलं, झाडं लावली, आणि आपलाच माणूस असा अडाण्यासारखा तोंड फिरवून बसतो, असं तिला वाटलं. हे तिनंच पुढं सगळ्यांसमोर सांगितलं, म्हणून मी लिहितोय. नाहीतर दुसऱ्याच्या पोटातलं मला कुठून कळणार?

दोन दिवसांनी मनवाताईंनी ग्रामपंचायतीत गावाचा नकाशा भिंतीवर दाखवला. घराघराचे ठिपके. जास्त गुणांना हिरवा, कमी गुणांना लाल. नावं कुठंच नव्हती, त्या बाबतीत बाई फार काटेकोर. पण गावच्या माणसाला ठिपक्यावरून घर ओळखायला नाव कशाला लागतं? सगळं गाव हिरवंगार आणि बौद्धवस्तीच्या टोकाला एकच लालभडक ठिपका. बघणाऱ्यांनी बघितलं. शुभांगीनं खाली बघितलं.

काकासाहेबांनी तिला बाहेर चिंचेखाली गाठलं. काकासाहेब माणूस वाईट नाही. आवाज चढवत नाहीत, बोलताना समोरच्याला चहा देतात.

"शुभांगी, मी बदल कर म्हनत न्हाई हां," ते म्हणाले. "ज्याचं त्याचं मत. पन उद्या कुनी म्हनलं, समदं गाव एकीकडं आन् तुमची वस्ती एकीकडं, तर ते बरं दिसंल का? त्यातून घर तुझंच. विचारनारीचंच."

"आप्पा ऐकणारे नाहीत, सरपंच."

"आगं, त्यांना कुठं तरास द्यायचा? म्हातारं मानूस. त्या दिवशी तब्येत बरी नसंल, काय तरी बोलून गेले असतील." त्यांनी चहाचा कप तिच्या हातात दिला. "तू शिकलेली हायेस."

'तुमची वस्ती' हे शब्द तिच्या कानात तसेच राहिले. लहानपणापासून तिनं एकच धडपड केली होती, गावात वेगळं दिसायचं नाही. शाळेच्या झाडलावणीत पुढं, ग्रामसभेत पुढं, पाहुण्यांना माहिती द्यायला पुढं. घरी जाऊन तिनं टॅब उघडला आणि आप्पांच्या नावासमोरचे सगळे एक पुसून पाच केले. वाक्यही पुसलं. त्याच्या जागी काय लिहावं यावर तिनं बराच विचार केला. 'माळ आमची आई' लिहायचं तिच्या जिवावर आलं, कारण ते फारच उघड खोटं दिसलं असतं. तिनं लिहिलं, 'या माळानं मला लहानपणापासून कुशीत घेतलंय.' लिहून तिला बरंच वाटलं. नकाशावर नाव ना गाव, कोण बघतंय?

मनवाताईंनी बघितलं. त्यांनीच तर बघायचं होतं. ठिपका लालाचा हिरवा कसा झाला असं विचारल्यावर शुभांगीनं, आप्पांना तेव्हा बरं नव्हतं, पुन्हा विचारलं, असं सांगितलं. बाईंनी विश्वास ठेवला. आणि ते वाक्य तर त्यांना इतकं भावलं की त्यांनी ते दोनदा मोठ्यानं वाचलं. एवढ्या पाठ केलेल्या उत्तरांत एक माणूस खरं बोलला, असं त्या म्हणाल्या. माळाच्या तोंडाशी त्यांना एक बोर्ड लावायचाच होता. त्यावर हे वाक्य आणि खाली नानांचा फोटो, अर्थात नानांची हरकत नसेल तर. "विचारशील ना त्यांना?" त्यांनी म्हटलं. शुभांगी हो म्हणाली. विचारलं मात्र नाही. फोटो तिनं कारखान्यातल्या निरोपसमारंभाच्या फोटोतून कापून दिला.

बोर्डाची जागा गावच्या माळाच्या कमिटीनं ठरवली, हाडकी. माळाच्या पायथ्याचा हा सखल तुकडा. आता तिथं दगडी बाक आहेत, कमान आहे, पाहुणे उतरून फोटो काढतात. नाव तेवढं जुनंच राहिलं. कुणाला त्याचा अर्थ विचारावासा वाटला नाही, आणि ज्यांना माहीत होता त्यांनी सांगितला नाही.

आता प्रश्न आप्पांना तिथं न्यायचा. शुभांगी त्यांना म्हणाली, ज्येष्ठांचा सत्कार आहे, मनवाताई माझ्या नोकरीचं तिथंच जाहीर करणार आहेत, माझ्यासाठी या. सोपाननानांनी पेपर बाजूला ठेवला. मग विचारलं, "कुठं हाय?"

"माळापाशी."

"तुझं काम हाय म्हंतीस?"

"हो, आप्पा."

सकाळी ते इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून निघाले. मी त्यांना हाडकीकडं येताना पाहिलं. कमानीशी आल्यावर ते थबकले, चप्पल काढू की नको अशा विचारात माणूस थबकतो तसे. मग आत आले. सगळं गाव जमलं होतं. काकासाहेबांनी हार घातला, फेटा बांधला आणि बोर्डावरच्या कापडाची दोरी त्यांच्या हातात दिली.

त्यांनी दोरी ओढली. कापड खाली पडलं. टाळ्या पडल्या. सोपाननानांनी वाचायला सुरुवात केली, पेपर वाचतात तशी, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत. खाली आपलं नाव वाचलं. फोटो पाहिला. मग मान वळवून त्यांनी शुभांगीकडं पाहिलं. ती माझ्यापासून हातभर अंतरावर होती. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात ना, ते मी त्या दिवशी एका माणसाच्या तोंडावर बघितलं.

मनवाताईंना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्या माईक घेऊन पुढं आल्या, प्रेमानं म्हणाल्या, "आजोबा, तुमच्या लहानपणी इथं कोणकोणती पाखरं होती?"

"गिधाडं," सोपाननाना म्हणाले.

"गिधाडं! इथं?" बाईंचा चेहरा फुलला. गिधाड म्हणजे त्यांच्या जगात सोनं, आता कुठं दिसत नाही. "खूप होती?"

"लई."

"अरे वा! कशामुळं येत असतील इतकी? इथं काय होतं?"

बाई निष्पापपणे विचारत होत्या. आणि आमच्यातल्या वय झालेल्या प्रत्येक माणसाला उत्तर माहीत होतं. रामहरीनं टोपी काढली, झटकली, परत घातली. काकासाहेब घड्याळात बघायला लागले. माळ आमची आई म्हणणारी सगळी तोंडं बंद. बाई वाट बघत राहिल्या.

सोपाननानांनी आमच्यावरून एकदा नजर फिरवली. बोलले असते तर बोलायला जागा होती, ऐकायला सगळं गाव होतं, आणि माईक चालू होता. पण गिधाडं कशी येत होती हे सांगितलं असतं, तर मागं बोर्डावर लिहिलेलं खोटं पडलं असतं, आणि ते कुणी लिहिलं हे लगेच निघालं असतं. त्यांनी परत एकदा पोरीकडं पाहिलं.

"हुती," ते म्हणाले. "आता न्हाईत."

"आणि हे वाक्य, किती सुंदर बोललात तुम्ही!"

"व्हय," सोपाननाना म्हणाले. "मीच बोललो."

टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. मनवाताईंनी शुभांगीच्या पुण्याच्या जागेचं जाहीर केलं, त्याच्याही टाळ्या झाल्या.

घरी आल्यावर नानांनी फेटा सोडला, घडी करून ठेवला. शर्ट खुंटीला लावला. शुभांगी उंबऱ्यातच उभी होती. आप्पा ओरडतील, हात उगारतील, निदान शिवी देतील, अशी ती वाट बघत होती. त्यांनी विचारलं, "नोकरी पक्की झाली का तुझी?"

"झाली."

"मंग बरं झालं."

याच्यापुढं तिला राहवेना. "आप्पा, चुकले मी." तिनं मग तोच प्रश्न विचारला जो ती गावभर विचारत फिरली होती, पण या वेळी तिला खरंच उत्तर हवं होतं. "तिथं गेल्यावर कसं वाटलं तुम्हाला?"

सोपाननाना पाण्याचा तांब्या घेऊन ओट्यावर बसले.

"लाज वाटली," ते म्हणाले.

मग ते बोलले. एका दमात इतकं बोलताना तिनं त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "दोर माज्या बापाच्या खांद्यावर. मी शेपटाकडनं ढकलाया. शाळंवरनंच वाट हुती. पोरं भाईर येऊन नाकाला हात लावून हुभी राहायची. रामहरी माज्याच वर्गातला. त्याला मी वळखू येऊ नये म्हनून मी मान खाली घालायचो. पन दुसऱ्या दिशी शाळंत जायाचंच असायचं. हाडकीत नेऊन टाकलं की वर गिधाडं. मंग आमी बौद्ध झालो. बापानं त्यो दोर चुलीत घातला. म्हनला, सोपाना, संपली आपली लाज, आता तिकडं जायाचं न्हाई. गावानं दळन बंद केलं, हिरीचं पानी बंद केलं. उपाशी राहिलो, पन गेलो न्हाई."

त्यांनी तांब्यातलं पाणी प्यायलं.

"आज परत वाटली. तवा परक्यांनी आनली हुती," ते म्हणाले, आणि पुढचं बोलले नाहीत. उठून आत गेले.

शुभांगीनं मनवाताईंना फोन केला आणि सगळं सांगितलं. मग बाई म्हणाल्या, "प्रश्न मी लिहिले होते, शुभांगी. लहानपणी निसर्गात भरपूर वेळ घालवला म्हणजे चांगलंच असणार, असं मी धरूनच चालले. त्याला पाच गुण मीच ठेवले." पुढं म्हणाल्या, "आणि मी त्यांना सगळ्यांसमोर विचारलं, गिधाडं कशामुळं येत होती म्हणून. बोर्ड मी उद्याच उतरवते. जागेचं मात्र मला आता काही सांगता येणार नाही."

"जागेचं राहू द्या," शुभांगी म्हणाली. "बोर्ड दोन दिवस थांबा. परवा ग्रामसभा आहे."

ग्रामसभा नेहमीसारखी मारुतीच्या देवळापुढच्या मंडपात भरली. आधी माळाचा विषय. काकासाहेबांनी विचारलं, नियम मोडलेलं कुणी आहे का? बायकांच्या बाजूनं शुभांगी उठली.

"तू कशाला?" काकासाहेब हसले. "तू कुठं कुऱ्हाड चालवली?"

ती माईकपाशी आली. रीतीप्रमाणं तिनं आधी नाव सांगितलं. "मी शुभांगी सोपान साळवे. माझ्या बापाच्या तोंडात मी खोटं वाक्य घातलं." मग वर लिहिलंय ते सगळं तिनं सांगितलं, एकेक. आप्पांचे एक कसे पुसले, पाच कसे केले, का केले. सरपंचांनी चिंचेखाली काय म्हटलं तेही सांगितलं, आणि म्हणाली, "ते बदल म्हणाले नव्हते. बदललं मीच." काकासाहेबांनी मान खाली घातली. मध्ये दोनदा ती अडखळली, पण थांबली नाही. गोरक्षच्या बायकोसारखं कुणी खालून ओरडून तिला मदत केली नाही.

"गिधाडं कशामुळं येत होती, असं मनवाताईंनी विचारलं होतं," ती शेवटी म्हणाली. "त्यांना कुणी सांगितलं नाही. मी सांगते. तुमची मेलेली ढोरं माझा आजा आणि माझे आप्पा हाडकीत ओढून टाकत होते, म्हणून येत होती. ज्यांनी बघितलंय ते इथं बसलेत. आप्पा त्या जागेला 'न्हाई' म्हणाले होते. आयुष्यभर म्हणत होते. ते मी पुसलं. माझं एवढंच आहे."

ती बाजूला झाली. काकासाहेबांच्या तोंडून सवयीनं गेलं, "आणखी कोणी?"

शब्द बाहेर पडल्यावर त्यांनाच कळलं आपण काय विचारलं ते. त्यांनी माईकवर हात ठेवला, पण आता उपयोग नव्हता. प्रश्न तोंडातून गेला तो गेलाच.

कुणी हललं नाही. रामहरीनं गुडघ्यांवर हात टेकले आणि तो उठायला लागला. सगळ्या माना तिकडं वळल्या. म्हातारा उभा राहिला, माईककडं बघितलं, तोंड उघडलं. "जरा भाईर जाऊन येतो," असं पुटपुटला आणि मंडपाबाहेर गेला. परत आला नाही. माझा बापही त्याच शाळेत होता. हाडकीच्या वासाचं तो आम्हाला हसत सांगायचा, जेवताना, आणि आम्हीही हसायचो. मी माझ्या चपलेचा तुटका अंगठा बघत बसलो.

सोपाननाना मंडपाच्या खांबाला टेकून सगळ्यात मागं उभे होते. त्यांनी वाट बघितली. माईककडं बघत होते, आमच्याकडं नाही. मग ते पुढं आले आणि पोरीच्या पाठीवर हात ठेवला.

"सरपंच," ते म्हणाले, "बंद करा त्यो माईक. लाईट बिल गावालाच येतंय."

दोघं वस्तीच्या वाटेनं गेले. कुणी हसलं नाही, कुणी हाक मारली नाही. पुढचा विषय पाण्याच्या पाळ्यांचा होता. तो त्या दिवशी निघालाच नाही.